वाचक विचारतात : सॅन फ्रान्सिस्कोचा पहिला महापौर

गेल्या अंकात सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरबद्दल लिहिताना त्या शहराचा पहिला महापौर जॉन व्हाइट गिअरी याचं नाव ओझरतं आलं होतं. त्यावर आलेली पत्रं पाहून हे पान यावेळी त्या एकाच माणसाला द्यायचं ठरवलं. काही प्रश्न सारखे होते, ते एकत्र केले आहेत.

कोथरूडच्या एक वाचक : लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला राहून आले. ३८ नंबरच्या बसने गिअरी बुलेव्हार्डवरून सारखं जाणं-येणं व्हायचं. जावई म्हणतात गिअरी महापौर होता, नातू म्हणतो जनरल होता. युनियन स्क्वेअरच्या मधोमध उंच खांब आहे, तो त्याचाच का?

ताई, जावईही बरोबर आणि नातूही. खांब मात्र त्याचा नाही. १८९८ साली ॲडमिरल ड्यूईने मनिलाच्या उपसागरात जी लढाई जिंकली तिच्या स्मरणार्थ तो १९०३ साली उभा राहिला. गिअरीची तिथली खूण म्हणजे खुद्द पायाखालची जमीन. १८५० साली त्याने ती शहराच्या स्वाधीन केली. पुढे गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत पेटलेल्या यादवी युद्धाच्या तोंडावर तिथे संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने सभा भरू लागल्या आणि चौकाला युनियन स्क्वेअर हे नाव पडलं.

जन्म ३० डिसेंबर १८१९चा, पश्चिम पेनसिल्व्हेनियात माउंट प्लेझंट गावाजवळ. वडिलांची लोखंडाची भट्टी होती, ती बुडाली. मग त्यांनी शाळा चालवली आणि मागे कर्ज ठेवून ते वारले. जॉन तेव्हा कॉलेजात होता. घर चालवायला त्याने मुलांना शिकवलं, दुकानात कारकुनी केली, जमीनमोजणी शिकला, ॲलेगेनी डोंगर ओलांडणाऱ्या रेल्वेवर इंजिनिअर म्हणून राबला आणि वडिलांचं देणं फेडलं. उंची साडेसहा फुटांच्या घरात, अंगाने दणकट. गर्दीत उभा राहिला तरी खांद्यावरून दिसायचा.

१८४६ साली अमेरिका-मेक्सिको युद्ध सुरू झालं आणि तो दुसऱ्या पेनसिल्व्हेनिया पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. १३ सप्टेंबर १८४७ रोजी चापुल्तेपेकच्या गढीवर जो हल्ला झाला त्यात त्याने पलटणीचं नेतृत्व केलं आणि त्या दिवशी जखमीही झाला. ही गढी म्हणजे मेक्सिकोची लष्करी प्रबोधिनी होती. तिथे लढताना पडलेल्या कोवळ्या कॅडेटांना मेक्सिको आजही दर सप्टेंबरमध्ये मानवंदना देतो. खडकवासल्याला प्रबोधिनी असलेल्या आपल्या गावात गिअरीच्या पराक्रमाबरोबर ही दुसरी बाजूही सांगायला हवी असं मला वाटतं. युद्धाअखेर तो कर्नल होऊन घरी आला, आणि ‘कर्नल गिअरी’ हे नाव त्याला पुढची बारा-तेरा वर्षं पुरलं.

जानेवारी १८४९मध्ये अध्यक्ष पोक यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोचा पोस्टमास्तर नेमलं. माझा या माणसावर जीव जडला तो इथे. माझे वडील बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टात सॉर्टर होते. दिवाळीच्या आधी थैल्यांचा ढीग लागायचा, खण अपुरे पडायचे, आणि वडील रात्री घरी आले तरी त्यांची बोटं चाळवत असायची. त्यामुळे गिअरीच्या चरित्रात सगळ्यांना लढाया दिसतात, मला आधी थैल्या दिसतात. बायको आणि लहान मुलगा यांना घेऊन तो पनामाच्या संयोगभूमीवरून पॅसिफिकच्या किनाऱ्याला उतरला आणि १ एप्रिल १८४९ रोजी ‘ओरेगन’ या आगबोटीने, टपालाच्या थैल्यांसह, सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात आला. नुसती पत्रं वाटणं एवढंच त्याचं काम नव्हतं. पॅसिफिक किनाऱ्यावर टपालाचे मार्ग आखणं, नवी पोस्टं उघडणं, पोस्टमास्तर नेमणं हे अधिकारही त्यालाच दिलेले होते.

ते शहर तेव्हा कसलं होतं? जानेवारी १८४८मध्ये सटरच्या लाकूडगिरणीजवळ सोनं सापडलं. त्याच वर्षी इकडे भिडे वाड्यात सावित्रीबाई मुलींना शिकवू लागल्या होत्या. त्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत हजाराच्या आसपास माणसं होती. १८४९ संपेपर्यंत ती वीस हजारांच्या वर गेली. बहुतेक पुरुष, बहुतेक तंबूत, आणि प्रत्येकाचं कोणीतरी हजारो मैलांवर. अशा गावात पत्र म्हणजे काय असेल! गिअरीने टपालाची घडी बसवायला घेतली तोवर वॉशिंग्टनमध्ये सत्ता बदलली. पोक डेमोक्रॅट, नवे अध्यक्ष टेलर व्हिग या विरोधी पक्षाचे. त्यांनी आपला माणूस पाठवला आणि गिअरीची पोस्टमास्तरकी काही महिन्यांतच गेली.

गावाने मात्र त्याला जाऊ दिलं नाही. १ ऑगस्ट १८४९ रोजी अल्काल्डे, म्हणजे गावच्या मुख्य कारभाऱ्याच्या, पदाची निवडणूक झाली. उमेदवारांच्या दहा वेगवेगळ्या याद्या होत्या आणि दहाही याद्यांवर वरचं नाव गिअरीचंच. १,५१६ मतं पडली, सगळी त्याला. पुढच्या जानेवारीत तो पुन्हा निवडून आला. एप्रिल १८५०मध्ये शहराला सनद मिळाली, आणि मेमध्ये निवडणूक झाली तेव्हा पहिला महापौरही तोच झाला. वय तीस.

शनिवार पेठेतले एक वाचक : आपल्याकडे महापौराला मानाची खुर्ची आणि कारभार आयुक्तांकडे. गिअरीच्या हातात खरी सत्ता होती का?

होती, आणि सुरुवातीला तर जरा जास्तच होती. अल्काल्डे हे पद मेक्सिकोच्या राजवटीपासून चालत आलेलं. पेशवाईतल्या पुण्याचा कोतवाल आठवा: बंदोबस्त त्याच्याकडे, बाजार त्याच्याकडे, तंटेही त्याच्यापुढे. अल्काल्डे साधारण तसाच, कारभारी आणि न्यायाधीश एकाच माणसात. शिवाय लष्करी गव्हर्नर जनरल रायली यांनी गिअरीला प्रथम न्यायालयाचा न्यायाधीशही नेमलं. म्हणजे सकाळी दंड करायचा आणि दुपारी त्याच दंडाचा पैसा कशावर खर्चायचा ते ठरवायचं. अशी सत्ता कोणाच्याही हातात मला भीतीची वाटते. १८५०च्या सनदेने कारभार आणि न्याय वेगळे केले हे फार बरं झालं.

पण सत्ता होती म्हणजे साधनं होती असं नाही. ऑगस्ट १८४९मध्ये नव्या नगरसभेपुढे त्याने पहिलं भाषण केलं. त्यात बढाई नाही, आश्वासनांची खैरात नाही. आपल्याकडे काय नाही याचा तो सरळ पाढा आहे. तिजोरीत एक डॉलर नाही. अधिकाऱ्याला बसायला कचेरी नाही. एकही पोलीस नाही, पहारेकरी नाही. कैद्याला तासभर कोंडायची सोय नाही. परमुलखातून आलेला कोणी आजारी पडला तर त्याला निवारा नाही, आणि मेला तर पुरायला जागा नाही. मी रात्रशाळेत इतिहास शिकवायची तेव्हा हा उतारा आवर्जून वाचून दाखवायची. माझ्या वर्गात हॉटेलात काम करणारी, हमाली करणारी, प्रेसमध्ये खिळे जुळवणारी मुलं असत. ‘पुरायला जागा नाही’ या वाक्यापाशी वर्ग गप्प व्हायचा, कारण एकट्याने शहरात येण्याचं भय त्यांना ठाऊक होतं.

मग त्याने कर बसवले. व्यापाऱ्यांना परवाना, लिलाव करणाऱ्यांना परवाना, जुगाराच्या अड्ड्यांनाही परवाना. जुगारावर कर म्हणजे जुगाराला मान्यता, हा आक्षेप रास्त आहे. गिअरीचं म्हणणं असं की तो एका दिवसात बंद करायची ताकद शहरात नाही, तर निदान ताब्यात तरी ठेवू. तुरुंगासाठी नगरसभेने बंदरात सोडून दिलेलं एक जहाज विकत घेतलं. ‘युफेमिया’ त्याचं नाव. खलाशी सोनं शोधायला पळाल्यामुळे तेव्हा बंदरात जहाजांचं जंगल उभं होतं. सॅन फ्रान्सिस्कोतला हा पहिलावहिला तुरुंग पाण्यावर तरंगत होता.

संकटंही ओळीने आली. डिसेंबर १८४९, मे १८५०, जून १८५० अशा लागोपाठ मोठ्या आगी. कापड आणि फळ्यांचं शहर, भडकायला वेळ लागायचा नाही. ऑक्टोबरात पटकी आली. १८५१मध्ये तो पुन्हा महापौरपदासाठी उभा राहिला नाही, पण शहराच्या कर्जाची व्यवस्था लावणाऱ्या समितीवर राहिला आणि १८५२मध्ये पेनसिल्व्हेनियाला परतला. बायको मार्गारेट मुलांना घेऊन आधीच परतली होती. १८५३मध्ये ती वारली.

पुणे महानगरपालिका १९५०ची आणि आपले पहिले महापौर बाबुराव सणस १९५२चे. त्यांच्या हाती आली ती महापालिका जुन्या नगरपालिकेच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या दप्तरावर उभी होती. गिअरीच्या हाती कोरा कागद. म्हणून या दोन पदांची तुलना फार ताणू नये.

डेक्कनवरून कायद्याची एक विद्यार्थिनी : ‘कॅन्ससमधून गव्हर्नर गिअरी रात्री पळून गेले’ असं वाचलं. एवढा धिप्पाड युद्धवीर पळाला का?

तू पत्रात ‘पळाला’ लिहिलंस, आणि त्या रात्री तो खरोखरच दोन पिस्तुलं जवळ घेऊन निघाला. पण त्याआधीचे सहा महिने वाच, मग ठरव.

१८५४च्या कायद्याने असं ठरलं की कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी हे तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवायचं. परिणाम काय झाला? शेजारच्या मिसूरी राज्यातून गुलामगिरीचे समर्थक बंदुका घेऊन मतं टाकायला येऊ लागले. उत्तरेकडून विरोधक वसाहती करायला येऊ लागले. मे १८५६मध्ये विरोधकांचं लॉरेन्स हे गाव लुटलं गेलं. तीन-चार दिवसांत गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन आणि त्याच्या माणसांनी पोटावाटमी खाडीकाठी पाच जणांना घरातून ओढून मारलं. दोन गव्हर्नर होऊन गेले होते. तिसरा म्हणून अध्यक्ष पिअर्स यांनी गिअरीला पाठवलं. मिसूरी नदीतून बोटीने तो निघाला असताना ग्लासगो गावच्या धक्क्यावर त्याला आधीचा गव्हर्नर शॅनन भेटला. तो जीव वाचवून परत चालला होता. ही भेट मला नेहमी डोळ्यापुढे दिसते.

९ सप्टेंबर १८५६ला गिअरी फोर्ट लेव्हनवर्थला पोहोचला. दोन दिवसांत त्याने जाहीरनामा काढला: सगळ्या खाजगी सशस्त्र टोळ्यांनी पांगावं. त्याच आठवड्यात सुमारे २,७०० मिसूरीवाले तोफा घेऊन लॉरेन्सवर चालून आले. गिअरी लेफ्टनंट कर्नल कुक यांचं सरकारी घोडदळ घेऊन त्यांच्या तळावर गेला आणि म्होरक्यांना तोंडावर सांगितलं की परत जा. त्यांत माजी सिनेटर ॲचिसनही होता. ते परत गेले. ती रात्र लॉरेन्स जळलं नाही याचं श्रेय मी निःसंकोच त्याला देते.

पुढे मात्र त्याच्या वाटेत कायद्याचीच माणसं आली. तू कायदा शिकतेस म्हणून हे नीट सांगते. परतणाऱ्या टोळीतल्या एकाने बफम नावाच्या लंगड्या शेतकऱ्याला त्याच्या घोड्यासाठी गोळी घातली. गिअरी त्याच वाटेने जात होता, त्याने त्या मरणाऱ्या माणसाला पाहिलं. आरोपी पकडला गेला, तर मुख्य न्यायाधीश लकॉम्प्टने त्याला जामिनावर सोडलं. गिअरीने पुन्हा पकडवलं, पुन्हा तो सुटला. गव्हर्नरच्या हातातल्या न्यायाला न्यायालयच जुमानत नव्हतं. विधानसभा गुलामगिरीवाल्यांच्या ताब्यात. नवं संविधान लोकांच्या मताला न टाकता लागू करायची वाट मोकळी ठेवणारा ठराव तिने आणला. गिअरीने तो नाकारला, तिने त्याच्या नकारावर मात करून तो मंजूर केला. एका माणसाला शेरीफपदाची सनद द्यायचं त्याने नाकारलं, तर तो माणूस भर सदनाबाहेर त्याच्यावर थुंकला. संरक्षणासाठी सैन्य मागितलं, मिळालं नाही. सरकारी खर्चासाठी स्वतःचे पैसे घातले.

४ मार्च १८५७, ज्या दिवशी बुकॅनन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, त्या दिवशी त्याने राजीनामा लिहिला आणि पुढच्या काही दिवसांत रात्रीचा निघाला. अधिकार द्यायचा आणि पाठबळ काढून घ्यायचं, ही जागा सोडणाऱ्याला मी पळपुटा म्हणणार नाही. पण एक खरं आहे: तेव्हा त्याला गुलामगिरी संपवायची नव्हती, त्याला शांतता हवी होती. हा फरक खाली आणखी एका प्रश्नात येईल.

कॅन्ससने त्याला विसरलं नाही. तिथला एक परगणा जेफर्सन डेव्हिसच्या नावाचा होता, म्हणजे ज्याने पुढे गुलामगिरीवाल्या दक्षिणेचं अध्यक्षपद घेतलं त्याच्या. १८८९मध्ये त्याचं नाव बदलून गिअरी परगणा केलं.

वानवडीचे एक निवृत्त सुभेदार : सेनापती म्हणून गिअरी कसा होता? गेटिसबर्गला त्याची तुकडी रस्ता चुकली असं ऐकलं.

सुभेदारसाहेब, ऐकलंत ते खरं आहे. शूर होता, जखमांना भ्यायचा नाही, पण मी त्याला पहिल्या रांगेतला सेनापती मानत नाही.

१८६१मध्ये यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा त्याने उत्तरेच्या बाजूने २८वी पेनसिल्व्हेनिया पलटण उभी केली, पुढच्या वर्षी ब्रिगेडिअर जनरल झाला, सीडर माउंटनच्या लढाईत जखमी झाला. १८६३च्या जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या लढाईत त्याच्याकडे एक डिव्हिजन होती आणि कल्प्स हिल ही टेकडी राखायचं काम. तिथे त्याच्या हाताखालचा ब्रिगेडिअर जॉर्ज ग्रीन, वय बासष्ट, पेशाने स्थापत्य अभियंता. त्याने दगड, मुळं, ओंडके, माती लावून छातीइतक्या भिंती उभारल्या. आडोशाला लढायची सवय लागली की शिपाई उघड्यावर नीट लढत नाहीत, असं गिअरीचं मत होतं, पण त्याने ब्रिगेडिअरांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. २ जुलैच्या संध्याकाळी उरलेल्या ब्रिगेड डाव्या बगलेला हलवायचा हुकूम आला. गिअरी दोन ब्रिगेड घेऊन निघाला, बाल्टिमोरच्या रस्त्याने भलतीकडे गेला, रॉक क्रीक ओलांडून थांबला आणि काही तास त्याचा कोणालाच उपयोग झाला नाही. तेवढ्यात टेकडीवर हल्ला. ग्रीनने एकट्या ब्रिगेडने, त्याच भिंतींआडून, अंधारात टेकडी धरली. रिकामे झालेले मोर्चे शत्रूने घेतले होते, ते दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत लढून परत घ्यावे लागले. तिथे गिअरीने कसूर केली नाही. पण टेकडी ग्रीनची.

मग वॉहॅची. २८ ऑक्टोबर १८६३ची रात्र. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात अडकलेल्या उत्तरेच्या सैन्याला रसद पोहोचवायची वाट राखत गिअरीची तुकडी पडली होती. मध्यरात्री दक्षिणेच्या सैन्याने हल्ला केला. तोफखान्यात त्याचा थोरला मुलगा एडवर्ड लेफ्टनंट होता. अठरा वर्षांचा. तोफ रोखताना गोळी लागून तो गेला. बाप त्याच रणांगणावर, शंभर-दोनशे पावलांत, लढाई चालवत होता. गिअरीने दुसऱ्या बायकोला, मेरीला, युद्धभर पत्रं लिहिली. ती पुढे छापली गेली. त्यांत स्वतःचा मोठेपणा सांगायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. मुलाच्या मृत्यूनंतरच्या पत्रांत ती गळून पडते. तुम्ही लष्करात आयुष्य काढलंत, तुम्हाला मी यावर काय सांगणार?

तरी त्याच्या लष्करी आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस लढाईचा नाही, असं माझं ठाम मत आहे. २१ डिसेंबर १८६४, जॉर्जिया राज्यातलं सव्हाना शहर. जनरल शर्मनचं सैन्य अटलांटापासून समुद्रापर्यंत मुलूख जाळत, लुटत आलेलं. आतलं दक्षिणेचं सैन्य रात्रीतून तरंगत्या पुलावरून नदीपार निसटलं. पहाटेपूर्वी शहराचा महापौर रिचर्ड अर्नल्ड काही नगरसेवकांसह बाहेर आला आणि ज्या अधिकाऱ्यापुढे त्याने शहर स्वाधीन केलं तो होता गिअरी. नागरिकांच्या जिवाला आणि मालमत्तेला अभय द्या, एवढं मागणं. समोरच्या माणसाने स्वतः महापौरकी केली होती. रिकामी तिजोरी, आग, आजार, घाबरलेलं गाव हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

शर्मनने त्यालाच शहराचा लष्करी प्रशासक नेमलं. त्याने पहारे बसवले, लूट थांबवली, उपाशी लोकांना अन्न वाटायची सोय केली, दुकानं उघडवली. आठवड्याभरात सव्हानाच्या नागरिकांची सभा भरली, तिने शत्रूच्या या सेनापतीचे आभार मानले आणि त्यालाच इथे ठेवा अशी विनंती शर्मनला केली. जिंकलेल्या शहराने अशी विनंती करावी याला मी गेटिसबर्गपेक्षा मोठं मानते.

गंज पेठेतले एक वाचक : महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. गिअरी त्यांत धरायचा का?

हा प्रश्न वाचून पत्र बाजूला ठेवलं आणि दोन दिवस विचार केला. ग्रंथ १८७३चा, आणि गिअरी वारला तोही १८७३च्या फेब्रुवारीत. जोतिरावांनी अर्पणपत्रिकेत गौरव केला तो औदार्य, निरपेक्षता आणि स्वार्थत्याग यांचा. गिअरी युद्धापूर्वी डेमोक्रॅट पक्षाचा होता. कॅन्ससला त्याने दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजलं. गुलाम ठेवणारा आणि गुलामगिरीला विरोध करणारा, दोघंही त्याच्या लेखी शांतताभंग करणारे होते. तेव्हाच्या गिअरीला मी त्या ओळीत बसवणार नाही.

युद्धाने तो बदलला. १८६६मध्ये तो रिपब्लिकन पक्षाकडून पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला. प्रतिस्पर्धी हीस्टर क्लायमरची प्रचारपत्रकं आजही उपलब्ध आहेत. काळ्यांची विद्रूप चित्रं काढून ‘आम्ही गोऱ्यांच्या बाजूचे’ असा उघड प्रचार त्यांत आहे. त्याविरुद्ध गिअरी सुमारे १७ हजार मतांनी जिंकला. मार्च १८६७मध्ये त्याने एका कायद्यावर सही केली: पेनसिल्व्हेनियात ट्रामगाडीत वर्णावरून कोणाला चढू न देणं हा गुन्हा. फिलाडेल्फियात तोवर काळ्या माणसाला घोड्यांच्या ट्राममध्ये बसू देत नसत. युद्धात लढलेल्या काळ्या शिपायांनाही नाही, त्यांना इस्पितळात भेटायला निघालेल्या त्यांच्या बायकांनाही नाही.

पण त्या कायद्यामागे वर्षानुवर्षं ज्यांनी मार खाल्ला, खाली ढकलले गेले, पुन्हा चढले, ती माणसं वेगळी. ऑक्टेव्हियस कॅटो हा काळा शिक्षक त्यांतला एक. १० ऑक्टोबर १८७१ला मतदानाच्या दिवशी फिलाडेल्फियाच्या रस्त्यात त्याला गोळ्या घालून मारलं. त्या वेळी राज्याचा गव्हर्नर गिअरीच होता, आणि त्याच्या राज्यात काळ्या मतदाराला त्या दिवशी संरक्षण मिळालं नाही. म्हणून माझं उत्तर: अर्पणपत्रिकेतल्या लोकांत मी आधी कॅटोला धरीन. गिअरीला सही करणाऱ्यांत. सहीचीही गरज असतेच, जोतिराव स्वतः १८७६पासून पुणे नगरपालिकेत काही वर्षं सभासद होते, त्यांना हे पक्कं माहीत होतं.

भोसरीचे एक निवृत्त सुरक्षा अधिकारी : कामगारांसाठी त्याने काही केलं का?

केलं. ६ सप्टेंबर १८६९ रोजी पेनसिल्व्हेनियात ॲव्हनडेल इथल्या कोळसाखाणीत आग लागली. खाणीला ये-जा करायला एकच विहीर, तिच्यावर लाकडी इमारत, तीच पेटली. आतल्यांना दुसरी वाट नव्हती. वाचवायला उतरलेल्या दोघांसह ११० माणसं गेली. १८७०मध्ये गिअरीच्या कारकिर्दीत खाणसुरक्षेचा कायदा झाला: दुसरा मार्ग सक्तीचा, हवा खेळती ठेवणं सक्तीचं, सरकारी निरीक्षक. तुम्ही आयुष्यभर कारखान्यात ‘दुसरी वाट मोकळी ठेवा’ म्हणत फिरलात, त्या आग्रहामागे अशी किती माणसं आहेत ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. १८७२मध्ये अमेरिकेतल्या कामगार सुधारणा पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्याचं नाव पुढे आलं, पण उमेदवारी दुसऱ्याला मिळाली.

जानेवारी १८७३मध्ये गव्हर्नरपदाची दुसरी मुदत संपली. तीन आठवडेही झाले नव्हते. ८ फेब्रुवारीला सकाळी हॅरिसबर्गच्या घरी लहान मुलाला न्याहारी देत असताना त्याचं हृदय बंद पडलं. वय ५३. त्याच गावी त्याला पुरलं आहे.

औंधच्या एक वाचक : मुलगा न्यू जर्सीत असतो, उन्हाळ्यात जाणार आहे. गेटिसबर्गला गेले तर गिअरीचं काय बघू?

कल्प्स हिलवर त्याचा पुतळा आहे, १९१५ साली उभारलेला. टेकडी झाडीची आहे, पायात चांगले बूट घाला. झाडांमधून मातीचे लांब उंचवटे दिसतात, ते १८६३च्या मोर्च्यांचे अवशेष. वर चढून जायला लोखंडी मनोराही आहे, गुडघे चालत असतील तर चढा. जॉर्ज ग्रीनचा पुतळाही त्याच टेकडीवर आहे. आधी तो बघा, मग गिअरीकडे जा.